थोरली आणि धाकटी

ओडर नदीच्या काठी ब्रेस्लाऊ नावाचं शहर होतं. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्सवाफ म्हणतात. गोष्ट घडली तेव्हा तिथे जर्मनांचं राज्य होतं. शहराबाहेरच्या कुरणात, गवताच्या एका मुळापाशी, ओलसर मातीत जीवाणूची एक पेशी राहत होती. घराणं बॅसिलस सबटिलिस. अंग दांडीच्या आकाराचं, लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट, आणि पोहायला अंगभर कशाभिका.

बोधकथेत कोल्हे-कावळे बोलतात. या गोष्टीत पेशी बोलतील. मात्र त्या एकमेकींना जे सांगतील ते प्रत्यक्षात रेणूंच्या रूपाने सांगितलं जातं, आणि कोणी, कधी, कुठून सांगितलं हे प्रयोगशाळांत तपासून झालेलं आहे. शब्द तेवढे माझ्या पदरचे.

दिवस सुकाळाचे होते. गवताच्या मुळांतून साखर झिरपत होती, कुजणाऱ्या पानांतून अमिनो आम्लं मिळत होती. अंग पुरेसं वाढलं की पेशी मधोमध पडदा घालायची आणि एकीच्या दोघी व्हायच्या. दोघी सारख्याच. कोण आई आणि कोण लेक, हे विचारायची गरजच नव्हती.

तिच्याजवळ एक पोथी होती. पोथी म्हणजे तिचं गुणसूत्र: सुमारे ४२ लाख अक्षरांची गोल माळ आणि तिच्यात सुमारे ४,१०० जनुकं. १९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी ही पोथी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचून काढली. पेशी स्वतः मात्र ती कधीच सगळी एकदम वाचत नाही. वाचणारं एक यंत्र तिच्यात असतं, आरएनए पॉलिमरेज नावाचं. वाचण्यात ते तरबेज, पण सुरुवात कुठून करायची हे त्याला एकट्याला ठरवता येत नाही. सिग्मा नावाचं प्रथिन त्याला येऊन चिकटलं की ते जागा दाखवतं: इथून वाच. सुकाळात हे काम सिग्मा ए करायचा, आणि तो रोजच्या कामाची पानं उघडायचा. खाणं पचवा, पोथीची नक्कल करा, वाढा, दुभंगा. पोथीत दुष्काळाचीही पानं होती. ती मिटलेली होती.

मग कुरण कापलं गेलं, पाऊस थांबला आणि मुळांतून येणारी साखर आटली.

पेशीच्या आत जीटीपी नावाच्या रेणूचा साठा उतरू लागला. तो भरपूर असेतो कोड-वाय हे प्रथिन पोथीच्या बऱ्याच पानांवर बसून राहतं. साठा उतरला तसं कोड-वाय उठलं आणि टंचाईची पहिली पानं मोकळी झाली.

शेजारीण म्हणाली, "आता कवच चढवून, बीजाणू होऊन पडून राहावं हे बरं. माझ्याच्याने उपाशी राहवत नाही."

पेशी म्हणाली, "एवढ्यात? अजून पोहून कुठे पाहिलंय?"

ती पोहून आली. शेजारच्या मातीतही काही नव्हतं. मग तिने स्टार्च आणि प्रथिनं तोडणारी विकरं बाहेर सोडली, म्हणजे एरवी तोंडात न मावणारे मोठे रेणूही खाण्याजोगे व्हावेत. तिच्या काही बहिणींनी मेलेल्या जीवाणूंच्या पोथ्यांचे तुकडे आत ओढून घेतले, त्यात उपयोगाचं एखादं पान सापडतं का ते बघायला. हे सगळं झाल्यावरही भूक उरली तेव्हाच बीजाणूचा विचार सुरू झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. बीजाणू व्हायला सात-आठ तास लागतात आणि काही टप्प्यांनंतर मागे फिरता येत नाही. मध्येच पाऊस आला, खाणं आलं, तरी काम अर्धवट टाकून पोहायला जाता येत नाही. म्हणून जी पेशी पहिल्याच उपासाला हे पाऊल उचलेल ती धीराने थांबलेल्या बहिणींच्या मागे पडेल.

निर्णय घेणारं प्रथिन एकच होतं, स्पो-झीरो-ए. पण फॉस्फेटचा गट चिकटल्याशिवाय ते जागं होत नाही, आणि तो फॉस्फेट त्याला थेट मिळत नाही. भुकेची खबर लागलेली काइनेज प्रथिनं स्वतःला फॉस्फेट चिकटवून घेतात, तो स्पो-झीरो-एफला देतात, एफ तो स्पो-झीरो-बीला देतं आणि बी शेवटी स्पो-झीरो-एला. ही साखळी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत जेम्स होक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली.

शेजारणीला हा सोपस्कार पटेना. "एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला! काइनेजनेच एला का देऊ नये?"

"दिला तर मध्ये कोणी 'थांब' म्हणायचं?" पेशीने विचारलं.

आणि तसंच आहे. रॅप नावाची प्रथिनं एफच्या हातातला फॉस्फेट काढून घेऊ शकतात. आसपास आपल्यासारख्या बहिणी पुरेशा आहेत असा रासायनिक निरोप मिळेपर्यंत ती तो काढून घेतच राहतात. आणखी एक प्रथिन थेट एवरचाच फॉस्फेट उतरवतं. एसडीए नावाचं एक चिमुकलं प्रथिन तर काइनेजलाच अडवून धरतं. शेजारणीच्या पोथीची नक्कल अर्धवटच झाली होती, आणि तिला एसडीएनेच अडवलं. ती चिडली. पण अर्ध्या पोथीचा बीजाणू कशाच्याच कामाचा नसतो, हे ती नंतर स्वतःच बोलून दाखवायची. साखळी लांब असल्याने वेळ जातो हे खरं. पण जितके हात तितक्या विचारायच्या जागा. मला या सगळ्या यंत्रणेत ही गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते. स्पो-झीरो-एचा जोर एकदम नाही, हळूहळू चढावा लागतो. प्रयोगात तो एकाएकी चढवून पाहिला तेव्हा बीजाणू नीट होईनात. सावकाश चढवला तेव्हा झाले.

एक गोष्ट सांगायला जड जाते, पण गाळली तर लबाडी होईल. स्पो-झीरो-एचा जोर अजून कमी असतानाच ज्या पेशी जाग्या होतात त्या एक विष बाहेर सोडतात. स्वतःसाठी त्यांच्याजवळ उतारा असतो, मागे राहिलेल्या बहिणींजवळ नसतो. त्या बहिणी फुटतात आणि त्यांच्यातून सांडलेल्या खाण्यावर जाग्या झालेल्या आणखी काही काळ तगतात. बीजाणू होणं तेवढं पुढे ढकललं जातं. २००३ मध्ये हे जाहीर झालं. कुरणातल्या त्या रात्रीही असंच झालं असणार. आपल्या पेशीने त्यातूनही खाल्लं असणार. बोधकथेतलं पात्र निष्कलंक असावं अशी आपली अपेक्षा असते. मातीला ती ठाऊक नाही.

शेवटी तेही संपलं, आणि पेशीने पडदा घालायला घेतला.

सुकाळात तो मधोमध पडायचा. या वेळी तो एका टोकाजवळ पडला. पोथीच्या दोन प्रती तयार होत्या. त्या पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बसवल्या होत्या. पडदा आला तो एका प्रतीच्या अंगावरच. लहान कप्प्यात तिचा जेमतेम तिसरा हिस्सा आला, उरलेली पडद्यापलीकडे लोंबत राहिली. पडद्यात बसलेल्या एका पंपाने ती ओढून आत घ्यायला सुरुवात केली.

अशा झाल्या दोन बहिणी. एक मोठी, एक लहान. शास्त्रज्ञ मोठीला मातृपेशी म्हणतात, पण जन्म दोघींचा एकाच क्षणी, एकाच पडद्याने. मी तिला थोरली म्हणतो आणि दुसरीला धाकटी.

दोघींजवळ तीच पोथी, अक्षर न् अक्षर तेच. पण एकीला बीजाणू व्हायचं होतं आणि दुसरीला त्या बीजाणूला घडवून मरायचं होतं. तीच पोथी दोघींनी वेगळी वाचायची, आणि वेगळी वाचताना एकमेकींची चूक होऊ द्यायची नाही, हे कसं जमणार?

सिग्मा एफ नावाचा नवा सिग्मा पडदा पडायच्या आधीच तयार होता, पण एका प्रथिनाने त्याला घट्ट धरून ठेवलं होतं. पडद्यावर बसलेल्या एका विकराने धाकटीच्या बाजूला ती पकड सोडवली. धाकटीत सिग्मा एफ सुटला, थोरलीत धरलेलाच राहिला. धाकटीने तिच्या वाट्याची पहिली पानं उघडली, तेव्हा तिची पोथी अजून पुरती आतही आली नव्हती.

त्या पहिल्या पानांत एक हाक होती.

हाक म्हणजे स्पो-टू-आर हे प्रथिन. ते धाकटीत बनतं आणि दोघींच्या पडद्यांमधल्या फटीत सोडलं जातं. हाकेचं पान पोथीच्या त्याच तिसऱ्या हिश्श्यात आहे, जो सर्वांत आधी धाकटीच्या कप्प्यात येतो. संशोधकांनी ते पान उचलून पोथीच्या दूरच्या भागात नेऊन बसवलं, तेव्हा हाक उशिरा गेली आणि पुष्कळ ठिकाणी घोळ झाला. इतकी बारीक मांडणी कोणी बसून केलेली नाही. ज्यांच्यात ती तशी पडली त्या टिकल्या.

"ताई," धाकटीने हाक दिली, "मी आहे इकडे. माझं पहिलं पान उघडलंय."

थोरलीजवळ सिग्मा ई होता, पण एक शेपूट लागलेला, म्हणून निकामी. हाक पडद्यावरच्या एका विकरापर्यंत पोचली, त्याने ते शेपूट कापलं आणि सिग्मा ई चालू झाला. थोरलीने अडीचशेच्या आसपास जनुकं वाचायला घेतली.

"ऐकलं गं," ती म्हणाली. "आता मी दुसऱ्या टोकाला पडदा घालत नाही."

हे वाक्य ऐकायला साधं आहे. त्याचं मोल कळायला पलीकडे बघावं लागतं.

थोड्या अंतरावर दुसरी एक पेशी होती. तिच्या घराण्यात हाकेच्या पानावरचं एक अक्षर बिघडलं होतं. तिचाही पडदा टोकाला पडला, तिच्याही धाकटीत सिग्मा एफ सुटला, धाकटीने आपलं काम चोख सुरू केलं. पण हाक गेली नाही. थोरली वाट बघत राहिली आणि मग तिला वाटलं, धाकटी झालीच नाही वाटतं. दुसऱ्या टोकाला पडद्याची जागा तयार होतीच. तिने तिथेही पडदा घातला. दोन्ही टोकांना एकेक धाकटी झाली, पोथीच्या दोन्ही प्रती दोन्हीकडे ओढल्या गेल्या आणि मधल्या मोठ्या कप्प्यात वाचायला एक पानही उरलं नाही. दोन्ही धाकट्या पुऱ्या तयारीच्या. त्यांना पोसायला, त्यांच्यावर कवच चढवायला कोणीच नाही. तिघी मेल्या. प्रयोगशाळेत सिग्मा ई नसलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली अशाच दिसतात: दोन टोकांना दोन पडदे, मध्ये रिकामं, आणि बीजाणू एकही नाही.

त्या घरात कोणाचं चुकलं? धाकटीने तिचं काम केलं. थोरलीनेही तिच्या समजुतीप्रमाणे केलं. या कथेचा बोध इथेच सांगतो, कारण तो इथेच घडतो: आपलं काम आपल्याला येतं एवढ्याने भागत नाही. आपण कुठवर आलो ते दुसऱ्याला कळवावं, आणि दुसरा कुठवर आला ते कळल्यावरच पुढचं पान उघडावं.

आपल्या कुरणातल्या थोरलीला हाक पोचली होती. तिने पडदा हळूहळू विरघळवला आणि आपलं पेशीपटल धाकटीच्या अंगाभोवती सरकवत नेलं. दोन्ही बाजूंनी सरकत ते पलीकडे एकमेकांना भेटलं आणि धाकटी थोरलीच्या पोटात आली, तिच्याभोवती दोन पटलं. बाहेरच्या जगाशी तिचा संबंध तुटला. यापुढे जे मिळेल ते ताईकडून.

"ताई, मला पुढचं पान उघडायचंय," धाकटी म्हणाली. तिच्याजवळ सिग्मा जी होता, तोही गप्प. "पण अंगात त्राणच नाही. काही बनवायला घ्यावं तर हाताशी काही नाही."

"हात पुढे कर," थोरली म्हणाली.

हे मी जवळून सांगतो. धाकटीने आतल्या पटलातून एक प्रथिन फटीत पुढे केलं, स्पो-टू-क्यू. थोरलीने बाहेरच्या पटलातून दुसरं पुढे केलं, ते थ्री-ए गटातलं. दोघांची टोकं फटीत भेटली आणि एकमेकांत अडकली. त्यांच्यासोबतची बाकीची प्रथिनं त्या जागी जमली आणि दोन पटलं ओलांडून जाणारी एक वाट तयार झाली. अर्धी वाट धाकटीची, अर्धी थोरलीची. कोणा एकीनेच ती पुरी करावी अशी सोय पोथीत नाही. संशोधकांनी दोघींतला एकेक भाग काढून पाहिला आहे: कुठलाही काढा, धाकटी खंगते आणि सिग्मा जी निजूनच राहतो. वाटेने काय काय जातं यावर अजून काम चालू आहे, पण ती आहे तोवर धाकटी काम करू शकते.

सिग्मा जी जागा झाला. धाकटीने लहान लहान प्रथिनं ढिगाने बनवली आणि आपल्या पोथीच्या अंगाला सगळीकडून चिकटवून घेतली. ती चिकटली की डीएनएची ठेवण बदलते आणि अतिनील किरण, उष्णता, काही रसायनं यांचा मारा तो सोसतो. मग तिने पुन्हा निरोप धाडला, या वेळी स्पो-फोर-बी या प्रथिनाच्या रूपाने.

"ताई, पोथी गुंडाळून झाली. आता वरून कवच चढव."

थोरलीची पुढची पानं सिग्मा के उघडणार होता. पण त्याच्या जनुकाची तिच्या पोथीत एक अडचण होती, आणि माझ्या मते या साऱ्या गोष्टीत हीच जागा अंगावर येणारी आहे. हे जनुक पोथीत सलग लिहिलेलंच नाही. अर्धं इकडे, अर्धं तिकडे, आणि मध्ये सुमारे ४८,००० अक्षरांचा एक परका मजकूर, कोण्या जुन्या विषाणूचा अवशेष. जनुक वाचायचं तर तो मजकूर कापून काढायचा आणि दोन अर्धी जोडायची.

"पोथी कापतेस?" धाकटीने विचारलं.

"माझी कापतेय. तुझी नाही."

"मग पुढच्यांना कुठली देशील?"

"मला पुढचं कोणी नाही गं. पुढे तू आहेस."

थोरलीने आपलीच पोथी कापली आणि जोडली. धाकटीजवळची प्रत, तो परका मजकूर धरून, होती तशी राहिली, कारण वंशाला जायची ती तीच. १९८९ मध्ये पात्रिक स्ट्राजिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रकार उघडकीस आणला. हार्वर्डचे रिचर्ड लोझिक आणि स्ट्राजिए यांनी पुढे या साऱ्या देवाणघेवाणीचं चित्र मांडलं: एफने ईला जागवायचं, ईने जीला, जीने केला. खबर दर वेळी पडद्याच्या या बाजूने त्या बाजूला, मग त्या बाजूने या बाजूला.

जनुक जोडून झालं तरी के लगेच सुटला नाही. त्यालाही एक शेपूट होतं, आणि ते कापणाऱ्या विकराला दोन पहारेकरी प्रथिनांनी अडवून धरलं होतं. धाकटीचा निरोप आला तेव्हाच पहारा उठला. या पहाऱ्याशिवायच्या पेशीही संशोधकांनी करून पाहिल्या. त्यांच्यात सिग्मा के वेळेआधी सुटतो आणि कवचाचं काम लवकर सुरू होतं. पण आतली तयारी अजून चालूच असते, आणि असे बीजाणू पुढे उगवताना अडखळतात. लवकर झालेलं काम म्हणजे चांगलं झालेलं काम, असं जिथे तिथे ऐकू येतं. या पेशींनी ते खोटं पाडलं आहे.

आता थोरलीने हात आखडता घेतला नाही. धाकटीच्या दोन पटलांमध्ये जाड भिंत उभी राहिली होती. तिच्यावर सत्तरएक प्रकारच्या प्रथिनांचं कवच थरावर थर चढलं. डिपिकोलिनिक आम्ल थोरलीनेच बनवलं आणि आत पाठवलं. ते कॅल्शियमला धरून साठलं आणि त्याने पाण्याची जागा घेतली. पूर्ण झालेल्या बीजाणूच्या सुक्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा एवढंच असतं. धाकटीचं अंग आटत आटत इतकं कोरडं झालं की तिच्यातल्या विकरांना हलायलाही पाणी पुरेना.

(थोरलीच्या या कामाशी आपल्याकडच्या शेतकऱ्याचाही संबंध आहे, म्हणून थोडं वाकडं जातो. नात्यातल्या दुसऱ्या घराण्यातली एक बहीण, बॅसिलस थुरिंजिएन्सिस, बीजाणू घडवतानाच आणखी एक काम करते: तिची थोरली सिग्मा ई आणि सिग्मा के यांच्या हुकमावरून एका विषारी प्रथिनाचा स्फटिक बनवते. अळीने तो खाल्ला की तिच्या आतड्याला भोकं पडतात. त्या प्रथिनाचं जनुक वनस्पतीला वाचता येईल अशी सुरुवात जोडून कपाशीत बसवलं गेलं, आणि २००२ मध्ये भारतात मंजुरी मिळाल्यावर बीटी कपाशी विदर्भ-मराठवाड्याच्या रानात आली. कपाशीत ते जनुक सिग्माची वाट बघत नाही. पीक उभं आहे तोवर ते वाचलं जात राहतं. पुढे बोंडअळ्या त्याला सरावल्या त्यामागे हेही एक कारण. मूळच्या पेशीत ते एकाच वेळी, एकाच कप्प्यात, निरोप आल्यावरच उघडायचं पान होतं.)

काम संपलं. थोरलीचं स्वतःचं आवरण विरघळवणारी विकरंही सिग्मा केच्या हुकमातलीच. तिने तीही पानं वाचली.

"ताई, अजून काही राहिलंय?" आतून धाकटीने विचारलं असतं, तिला विचारता आलं असतं तर. पण ती आता बोलण्याच्या पलीकडे गेली होती. थोरली फुटली. धाकटी मातीत मोकळी झाली आणि वाऱ्याधुळीबरोबर कापलेल्या गवताच्या काडीला चिकटली.

ते गवत वाळून शहरात गेलं. ब्रेस्लाऊच्या विद्यापीठात फर्डिनांड कोन नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या काळी मोठा वाद चालू होता: उकळलेल्या अर्कातही जीव दिसतात, तर ते निर्जीवातून आपोआप उपजतात की काय? कोन वाळलेल्या गवताचा अर्क काढून उकळत आणि पुढे काय होतं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघत. उकळल्यावर बाकीचे जीवाणू मरत, पण गवतातला हा दांडीच्या आकाराचा पुन्हा पुन्हा उगवे. १८७६ मध्ये त्यांनी छापलं की याच्या दांड्यांच्या आत चकाकणारे कण तयार होतात, ते उकळणं सोसतात आणि त्यांतूनच नव्या दांड्या निघतात. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस रॉबर्ट कॉख नावाचा खेड्यातला एक डॉक्टर कोनकडे आला आणि अँथ्रॅक्सच्या जीवाणूतही बीजाणू होतात हे त्याने तिथे दाखवलं. दोघांचे निबंध एकाच नियतकालिकात आले. पुढच्या वर्षी लंडनमधल्या जॉन टिंडलने यावर तोड काढली: एकदा उकळून थांबायचं, बीजाणू उगवले की पुन्हा उकळायचं, मग पुन्हा. उगवलेल्याला कवच नसतं.

असल्याच एका चंबूत आपली धाकटी पडली, असं समजा. चंबू उकळला. शेजारच्या हजारो पेशी, ज्या बीजाणू झाल्या नव्हत्या, त्या शिजून गेल्या. धाकटीचं कवच टिकलं, आतली कोरडी विकरं टिकली, गुंडाळलेली पोथी टिकली. मग अर्क निवला. गवतातून सुटलेली अमिनो आम्लं पाण्यात होती, त्यांतलं अ‍ॅलानिन तिच्या आतल्या पटलावरच्या ग्राहकांना येऊन लागलं.

इथे तिला कोणा बहिणीचा निरोप यायचा नव्हता. निरोप बाहेरून होता, आणि तो ओळखणारे ग्राहक तिने ताईच्या पोटात असतानाच सिग्मा जीच्या पानांवरून बनवून ठेवले होते. डिपिकोलिनिक आम्ल आणि कॅल्शियम बाहेर पडलं, पाणी आत शिरलं. जाड भिंत विकरांनी खाऊन टाकली. काही मिनिटांत अंग ओलं, फुगलेलं, मऊ. पोथीला चिकटवलेली लहान प्रथिनं एका विकराने तोडली आणि पोथी उघडी झाली. तोडलेल्या प्रथिनांची अमिनो आम्लं वाया गेली नाहीत. उपाशी अंगाने उठलेल्या धाकटीचं पहिलं खाणं तेच. त्यांतून तिने पहिली नवी प्रथिनं बनवली.

सिग्मा ए आपल्या जागी आला आणि रोजची पानं वाचली जाऊ लागली: खाणं पचवा, पोथीची नक्कल करा, वाढा. काही तासांनी तिने पडदा घातला, अगदी मधोमध. दोघी सारख्या झाल्या. चंबूत खायला पुष्कळ होतं आणि वाटेकरी कोणी नव्हतं. दोघी पोहायला लागल्या, पुन्हा दुभंगल्या, आणि त्यांच्या लेकी-नाती अर्काच्या पृष्ठभागावर येऊन दाट साय धरू लागल्या.